झोपलेल्या लॅपटॉपला ताप

पाणबुडी बुडाली, ही काही बातमी नव्हे. ते तिचं कामच आहे. ती वर येत नव्हती, ही बातमी होती. आणि ती ऐकायला आत दोघीच होत्या: दहा वर्षांची शाल्मली आणि तिची शास्त्रज्ञ आत्या.

मालवणजवळ समुद्रतळाशी पाणबुडीची बॅटरी गेली होती. तळाची वजनं सोडली की ती आपोआप वर तरंगली असती. वजनं धरून ठेवणारा आकडा उघडणार होता आत्याचा लॅपटॉप, स्वतःच्या बॅटरीवर. पण वर भरतीचा जोर होता. आत्ता निघालं तर खडकावर आपटणं नक्की. म्हणून आत्याने भरती ओसरायच्या वेळेचा गजर लावून लॅपटॉप झोपवला होता.

"आत्या, हा गरम लागतोय."

"असेल थोडा."

"थोडा नाही. एवढ्या तापाला आई शाळा बुडवू देते."

आत्याने हात लावून पाहिला. मोठी माणसं घाबरली की पाणी पितात. आत्या दोनदा प्यायली.

"म्हणजे तो जागाच आहे. भरती ओसरायच्या आत बॅटरी संपेल."

"मग बंदच कर ना."

"परत सुरू करायला जी वीज लागेल, ती उरलेली नाही."

"पण आपण त्याला झोपवलं होतं."

"त्याच्या आत तीन आभासी संगणक (प्रोग्रॅमने बनवलेले संगणक) राहतात. प्रत्येकाला वाटतं, घरात आपण एकटेच. त्यांना सांभाळतो हायपरवायझर (एका यंत्रात अनेक संगणक नांदवणारा प्रोग्रॅम)."

"हॉस्टेलच्या रेक्टरबाई."

"बरोबर. एक मुलगी वाचत बसली तरी खोलीतला दिवा जळतोच. तिघं झोपले, त्यांची उपकरणंही झोपली, तरच प्रोसेसर (आकडेमोड करणारा मेंदू) गाढ झोपतो. मग फक्त गजर जागा."

"कोण वाचतंय?"

शाल्मलीने गोल खिडकीला नाक लावलं. बाहेर काळोखात एक लाल ठिपका लुकलुकत होता.

"आत्या, बाहेरचा कॅमेरा चालू आहे."

"तो मी थेट तिसऱ्या संगणकाच्या हवाली केलाय. रेक्टरबाईंचं तिथे चालत नाही. तिसऱ्यालाच सांगावं लागेल."

आत्याने झाकण उघडलं. आधी तिसऱ्याकडून कॅमेरा मिटवला, मग एकेकाला झोपवलं, शेवटी हायपरवायझरला. लाल ठिपका विझला. बाहेर आता काहीच दिसेना.

शाल्मलीने तळवा लॅपटॉपवर ठेवला. कोमट. अजून कोमट. मग, हळूच, गार.

"वर गेल्यावर रेक्टरबाईंना शिकवू," भरती ओसरायची वेळ होत आली तेव्हा आत्या म्हणाली. "आधी सगळ्यांची उपकरणं मिटवायची. मग दिवा खरंच गेला का, ते स्वतः पाहायचं."

"आणि याला जाग आली नाही तर?"

आत्याने तिसऱ्यांदा पाणी घेतलं. पेला ओठांशी असतानाच गजर वाजला. पायाखाली आकडा खट्कन उघडला, आणि खिडकीतला काळोख आधी निळा, मग हिरवा होऊ लागला.