दुसऱ्या बाजूचा आलाप

शेंदूरजनाघाटला नत्थुजींच्या शेडमधून संत्र्याची शेवटची गाडी भरून गेली होती. अंधार पडला होता. नात आकांक्षा आणि शेजारचा सागर रिकाम्या क्रेटांवर गोष्टीसाठी बसून होते. नत्थुजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"अकोल्याची बेबीताई तुमाले माहीत हाय ना? आपला माल तिच्याच दुकानात जाते. तिच्यासोबत झालं हे. मागच्या साली, अकरा नोव्हेंबरले. मंगळवार होता."

"भुताचं हाय का, आबाजी?" सागरने विचारलं.

"आधी आयक. मंग तूच सांग."

त्यांनी सांगितलं ते असं.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला बेबीताई दुकान आवरून अमरावतीच्या एस.टी.त बसली. काम एकच होतं. मोठ्या बहिणीचं नाव लावून यायचं होतं.

तिची बहीण तानुबाई चार वर्षांपूर्वी वारली. पन्नास वर्षांपूर्वी ती मुंबईत राहायची. नवरा सिनेमाच्या गाण्यांत ढोलकी वाजवायचा आणि ती कोरसमध्ये उभी राहायची. एकदा भुताच्या पिक्चरचं पार्श्वसंगीत चाललं होतं. ठरलेली गायिका आली नाही, म्हणून मागच्या रांगेतून तानुबाईला पुढे ओढलं. शब्द नव्हते, नुसता आलाप होता. पिक्चर चालला, आलाप गाजला, पण पडद्यावर तिचं नाव आलं नाही. गावी, नांदगाव खंडेश्वरला, परतल्यावर ती सांगायची, "तो आवाज माहा हाय." कुणी खरं मानलं नाही. हापशीवर गेली तरी बायका म्हणायच्या, "सरका वं, भुताची गायिका आली."

आता इतक्या वर्षांनी एका कंपनीने ते संगीत पहिल्यांदाच मोठ्या काळ्या रेकॉर्डवर काढलं होतं. पाकिटावर आलापापुढे दुसऱ्याच एका नावाजलेल्या गायिकेचं नाव छापलं होतं. दुसरी आवृत्ती निघणार होती, आणि काही चुकलं असेल तर कळवा, असं कंपनीने रेकॉर्ड जमवणाऱ्यांना सांगितलं होतं. अमरावतीच्या अशाच शौकिनांच्या मंडळाचं पत्र त्याच रात्री जाणार होतं. त्यात तानुबाईचं नाव आलं तर आलं. नाही तर ती खोटारडी ती खोटारडीच राहणार होती.

मंडळ कुंदन सरांच्या घरी, राजापेठेमागच्या गल्लीत जमायचं. सर कॉलेजातून निवृत्त झालेले. बेबीताई साडेआठला पोचली, तेव्हा तिथे सरांसह सहा माणसं होती आणि सहाही जणांच्या मांडीवर तीच रेकॉर्ड. एक जण पाकीट नाकाला लावून वास घेत होता. दुसरा कुरकुरत होता, की पोस्टरचा लाल असा नव्हताच, हा तर टमाट्याचा लाल झाला. मोबाईलच्या दुकानवाला स्वप्निल म्हणाला, "आवाज लयच धुतला ना, सर. जुनी खरखर कुठी गेली?"

"तुले बायकोही खरखर करनारीच पाहिजे," वासवाला म्हणाला. सगळे हसले.

बेबीताईला वाटलं, आपण चुकून मुलगी पाहायच्या कार्यक्रमात आलो.

"ताई, आमचा एक नियम आहे," कुंदन सर म्हणाले. "नवी रेकॉर्ड पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून ऐकायची. सुई उचलेपर्यंत कुणी बोलायचं नाही."

त्यांनी आपली प्रत लावली. दार करकरलं, व्हायोलिनं किंचाळली, नगारे घुमले. पहिली बाजू झाली, दुसरी लागली. आणि अगदी शेवटी तो आलाप आला. बारीक, सरळ, चढत जाणारा. चढता चढता मध्येच तुटला. विळीवर भेंडी तुटावी तसा.

"हे माही तानुबाई होय!"

सुई अजून उचलली नव्हती. सगळ्यांनी बेबीताईकडे असं पाहिलं, जसं काही ती देवळात चपला घालून शिरली.

"ताई, नियम…"

"तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा. पन्नास वर्सं तिले गपच बसवलं ना."

स्वप्निल हसला. "पुरावा काय हाय, मावशी? आमच्या अमरावतीत दर दुसऱ्या घरची आत्या मुंबईत गायेल असते."

"आणि तो शेवट ऐकलात ना?" सर इतरांकडे वळले. "ऐन वरच्या सुरात आलाप तोडला आहे. संगीतकाराची कमाल म्हणतात ती हीच."

"कायची कमाल?" बेबीताई उभी राहिली. "त्या संगीतवाल्या सायबानं हात दाखवला, थांब म्हनून. तानुबाई थांबली नाही. म्हने, वरती गेली तं उतरूनच येईन. मंग तेयनं मशीनच बंद केलं. तिचं तोंड दाबलं, अन् तुमी कमाल म्हनून राहिले?"

मग सर सौम्यपणे म्हणाले, "ताई, पत्रात ऐकीव गोष्ट लिहिता येत नाही. छापलेलं नाव खोडायला आधार लागतो."

"मंग अजून एकडाव लावा. कान देऊन आयका."

सरांनी मान हलवली आणि सुई पुन्हा आलापावर ठेवली. भिंतीवर नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

आलाप चढला. तुटायची जागा आली.

तुटला नाही.

सर पुढे वाकले. सुई आलाप संपवून रेकॉर्डच्या मधल्या कागदाला टेकली होती. आवाज चालूच होता. वर. आणखी वर.

त्यांनी सुई उचलली.

आवाज चालूच…

स्वप्निलने उठून प्लग ओढला. तबकडी सावकाश थांबली. स्पीकरचा लाल दिवा विझला. आवाज आता स्पीकरमधून येत नव्हता. खोलीच्या मधोमध येत होता. माणसाच्या उंचीवरून. मध्ये श्वास घेतल्याचंही ऐकू आलं.

स्वप्निल सोफ्यामागे सरकला.

"सर… दार उघडा…" वासवाला पुटपुटला.

सरांनी हात वर केला. बस, पुरे, असा.

बेबीताईने तो हात धरून खाली ओढला.

"हात नका दाखवू तिले." मग ती आवाजाकडे वळली. "गाय वं बाई. गाय. कोनाच्या बापाले भेऊ नको."

आलाप वर थांबला. क्षणभर. मग पायरी पायरीने खाली आला. खाली… अजून खाली…

शांत झाला.

मग कुंदन सरांनी कागद ओढला. त्यावर लिहिलं: आलाप, तानुबाई, नांदगाव खंडेश्वर. एकेकाने सह्या केल्या. शेवटी स्वप्निल अडखळला, "पण सर, पुरावा विचारला तं?"

"पुरावा गावून राहिला होता, तवा तू सोफ्यामागं होता ना बाप्पा," बेबीताई म्हणाली. "कर सही."

नत्थुजी थांबले. शेडमध्ये दिवा होता, तरी आकांक्षा सागरच्या जवळ सरकली.

"कंपनीनं नाव टाकलं का, आबाजी?"

"अजून उत्तर नाही. पन सरांनी ते रेकॉर्ड घरात ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच बेबीताईच्या दुकानात देऊन गेले. मी माल घेऊन तथीच होतो. तिनं मले दाखवली."

"मंग?"

"रेकॉर्डच्या शेवटी, मधल्या कागदाभोवती, बोटभर गुळगुळीत पट्टी असते. गानं बारीक रेघांत कोरलेलं असते; ते संपलं, की तथी सुई सरकायपुरती एकच रेघ, बाकी काही नसते. बाकीच्या पाचही जनाच्या रेकॉर्डवर ते पट्टी तशीच गुळगुळीत हाय. सरांनी मागून एक एक उन्हात धरून पाहिली."

नत्थुजींनी अंगठ्याचं नख हवेत गोल फिरवलं.

"हिच्यावर मी असं नख फिरवलं… पार कागदापर्यंत रेघाच रेघा होत्या."