बांबूचा हातगुण

"ठिणगे, उतर. बांबू, तू बस," बाबा म्हणाले आणि किल्ली ठिणगीच्या हातातून काढून बांबूला दिली.

छोटा ट्रॅक्टर सुरू करायचा मान आजवर ठिणगीचा होता. बांबू हा सुटीला आलेला तिचा मावसभाऊ. अंगाने उंच, स्वभावाने गरीब. पण गेले काही दिवस बाबांनी किंवा ठिणगीने किल्ली फिरवली की ट्रॅक्टर ढिम्म! बांबूने फिरवली की धडधड सुरू. आजही तसंच झालं.

"पोराच्या हाताला गुण आहे," बाबा कौतुकाने म्हणाले. ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"गुण कसला! काहीतरी करतो हा," ती धाकट्या भावाला म्हणाली. कायम तिच्या मागे असायचा म्हणून त्याला सगळे शेपूट म्हणत. "आता नजर हटवायची नाही."

दुपारी ट्रॅक्टर पुन्हा अडला. बाबांनी हत्यारांच्या पेटीतून पाने काढले. "स्टार्टरच उतरवतो."

"थांबा ना. हॉर्न जोरात वाजतोय, दिवे लख्ख आहेत. म्हणजे बॅटरी ठीक आहे," ठिणगी म्हणाली.

"मग बांबूलाच विचार," बाबा हसले. ते हसणं तिला फार लागलं.

बांबू आला. सीट उन्हाने तापली होती. त्याने नेहमीसारखी पायाखालची रबरी मॅट उचलून सीटवर टाकली, बसला, क्लच दाबला. इंजिन सुरू! बाबांची खात्री पटल्यावर ते बंद करून त्याने मॅट नीट जागेवर ठेवली. त्याच्या आईची, म्हणजे मावशीची, शिस्तच तशी.

ठिणगी टुणकन सीटवर चढली. किल्ली काढून तिने क्लच दाबला.

"शेपट्या, खाली बघ. क्लचच्या दांड्यापाशी काय आहे?"

"बटण आहे ताई. दांडा त्याला टेकतच नाही."

तिने मॅट ओढून काढली आणि पुन्हा दाबला.

"आता टेकला!"

"बाजूला हो." तिने किल्ली लावून फिरवली. धडधड सुरू!

"क्लच पूर्ण दाबून ते बटण दाबलं गेलं, तरच स्टार्टरला वीज मिळते," ती म्हणाली. "ही जाड मॅट कोणी घातली?"

बाबांनी कान खाजवला. "मीच, काही दिवसांपूर्वी. पाय भाजत होते. शाबास गं पोरी! पण तुझं लक्ष कसं गेलं?"

"बांबूवर जळत होते. म्हणून सारखी त्याच्याकडेच बघत होते."

बाबा मोठ्याने हसले. "राहू दे किल्ली तुझ्याकडेच."

बांबू किल्लीकडे बघत राहिला. "मला खरंच वाटलं होतं, माझ्या हाताला गुण आहे," तो हळूच म्हणाला.

त्याचा तो पडलेला चेहरा ठिणगीला चांगलाच ओळखीचा होता. गेले काही दिवस आरशात तिला तोच दिसत होता.

"सुटी संपेपर्यंत एक दिवस तू, एक दिवस मी," ती म्हणाली. "पण उद्या मी."