नववी खाट

जवळ सरका. ही गोष्ट सांगोवांगीची नाही, आमच्या ऑफिसातल्या माणसाच्या बाबतीत घडलेली आहे.

प्रोग्राममधल्या चुका, म्हणजे 'बग', वेचून काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, म्हणून सगळे त्याला किडेमास्तर म्हणायचे. फेब्रुवारीतली अकरा तारीख, बुधवार. हॉस्पिटलमधून फोन आला. आठ खाटांच्या वॉर्डात पेशंटच्या हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवणारा, सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम रोज रात्री तीन दहाला बंद पडायचा. चार मिनिटं पडदा काळा. तेवढ्यात कोणाचं काही झालं तर?

साहेब म्हणाले, "दुसऱ्याला पाठवू का?"

याचे वडील त्याच वॉर्डात वारले, त्याला तीनच आठवडे झाले होते.

"मीच जातो."

वडील गेल्यापासून तो रडला नव्हता. जेवायचा, कामावर यायचा, विचारलं तेवढं बोलायचा. आत सगळं बधिर.

रात्री तो सिस्टरच्या टेबलाशी बसला. तीन दहा. पडदा काळा झाला. सिस्टर उठून एकेका खाटेपाशी नाडी बघत फिरली. त्यानं प्रोग्रामनं पडताना मागे टाकलेली मेमरीची नक्कल उघडली. कारण समोरच होतं. जागा आठ खाटांची, आणि कोणीतरी नववीचे ठोके लिहीत होतं. हद्दीबाहेर, भलत्याच जागेवर. म्हणून सगळं कोसळायचं.

"सिस्टर, नववी खाट आहे?"

"नाही हो, आठच. गर्दी झाली की एखादी जादाची टाकतो, भिंतीला. पण तिला मशीन नसतं. तुमच्या वडिलांना तिथंच..."



"हो," तो म्हणाला.

नववीचे आकडे टाकून द्यायला एक ओळ पुरली असती. मी तेच केलं असतं. त्यानं आठच्या जागी नऊ लिहिलं. प्रोग्राम पुन्हा चालू केला.

आठ रेषा आल्या. मग... नववी.

ठोके बेचाळीस.

छत्तीस.

 

एकोणीस...

तीन बावीसला रेषा सपाट झाली. वडील गेले ती वेळ हीच. तेव्हा तो खाली औषध आणायला गेला होता.

या वेळी तो जागचा हलला नाही.

बाकी आठ रेषा चालू राहिल्या. प्रोग्राम त्यानंतर एकदाही पडला नाही.

पहाटे फरशी पुसणाऱ्या मावशींनी सिस्टरला हाक मारली. नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर खाटेच्या चार चाकांचे माग होते. जादाची खाट टाकतात त्या भिंतीपासून निघालेले... आणि वॉर्डाच्या मधोमध थांबलेले. तिथं खाट नव्हती.