पुलापलीकडची खुर्ची

दिव्यानीला वाटलं होतं, पूल ओलांडला की दिल्लीसारखं एखादं ठिकाण सापडेल. मंद दिवे, बायाही निवांत बसलेल्या, दोन घोट घेऊन हसत घरी जाणारे लोक. सापडले ते हिरव्या जाळीआडचे पत्र्याचे मांडव, बाहेर मोटारसायकलींची रांग आणि ती गाडीतून उतरली की तिच्यावरून न हटणाऱ्या नजरा. पहिल्या बारवाल्याने फॅमिली रूम भरली म्हणून हात झटकला. दुसऱ्याने तर तिच्याकडे न पाहता तिच्या चुलतभावालाच, राजदीपलाच विचारलं, "बायाइले घेऊन आला काऊन बे?"

वामनराव हे सांगत होते तेव्हा शेकोटीभोवती गावातली पोरं बसली होती. यंदा एकतीस डिसेंबरला आपणही नदीपलीकडे जाऊ, असा त्यांचा बेत म्हाताऱ्याच्या कानावर आला होता. ते रागावले नाहीत. "दिव्यानी माह्या साळ्याची पोरगी," एवढंच म्हणाले. "खोटं बोलाची सवय नाई तिले." आणि पुढे सांगू लागले.

दोन हजार तेवीसचा शेवटचा दिवस, रविवार. गडचिरोलीत दारूबंदी, पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात बंदी उठलेली. दिव्यानी दिल्लीत शिकून कायमची गावी परतली होती, गाव बदलायचं म्हणून. बंदीने माणूस सुधरत नाही, नुसता चोर होतो, हे ती ओसरीवर बसून भल्याभल्यांना ऐकवायची. कॉलेजातली मैत्रीण रिना ताडोबा पाहायला आली होती. तिला वर्षअखेरीची रात्र साजरी करायची होती. गाडी चालवायला राजदीप.

राजदीपने मागच्या पोळ्यापासून थेंब घेतला नव्हता. त्याआधी त्याला नालीतून उचलून आणलं होतं. आता प्यायला तर वाचणार नाही, असं डॉक्टरने त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. हे दिव्यानीला ठाऊक होतं. तरी काकूला तिने समजावलं, की तो सोडा पिईल; मन पक्कं असेल तर माणूस बारमध्ये बसूनही कोरडा राहतो.

दुसऱ्या बारवरून निघाल्यावर राजदीप म्हणाला, चला घरी. तेवढ्यात नदीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर रिनाला एक बल्ब दिसला. दार उघडं. आत माणसं. राजदीपने गाडी थांबवली, पण इंजिन बंद करेना.

"इथी नको, ताई. हे बंद हाय."

"उघडं दिसतंय की."

"बंदी लागली तवाच बंद झालं. मंग मालकही मेला."

मग दुसऱ्या कोणी चालवायला घेतलं असेल, म्हणत दिव्यानी उतरली.

आत कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. तिला बरं वाटलं. निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलाटेबलाशी पुरुष, पण बोलणं कुठेच नाही. पुढचे पेले रिकामे. भिंतीजवळ एक खुर्ची मोकळी होती. ती ओढायला रिनाने हात लावला, तसा शेजारचा माणूस मान न उचलता म्हणाला, "हे राखून हाय."

तिघं दाराजवळ बसली. कोणीतरी न विचारताच बाटली आणून ठेवली.

दिव्यानीचे आजोबा पिण्याआधी पेल्यात बोट बुडवून चार थेंब जमिनीवर उडवायचे आणि आपल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायचे. रिनाला ही आपली रीत दाखवायची तिला हौस आली. पण नावं आठवेनात. म्हणून तिने थेंब उडवले आणि म्हणाली, "इथे जे कोणी तहानलेले असतील, त्यांना."

वामनराव थांबले. शेकोटीत कोणी काटकी टाकली नाही.

"नाव घेऊन द्याचं असते, पोट्टेहो... आपल्याच मानसाले. असं मोकळं सोडाचं नसते."

बारमधल्या सगळ्या माना वळल्या.

एकदम.

दिव्यानीने खाली पाहिलं. थेंब नव्हते. फरशी कोरडी होती.

माणसं उठली. त्यांच्या पँटी ओल्या होत्या, गुडघ्याच्याही वर. चालताना पाण्याचा आवाज येत होता... एकेक जण आला. रिकामा पेला ठेवून उभा राहिला. दिव्यानीपुढे नाही.

राजदीपपुढे.

"हा लहानू हाय, ताई," राजदीप कसाबसा म्हणाला. "आमी संगच प्याचो इथी. परत जाताना डोंग्यातून नदीत पडला... सापडलाच नाई."

लहानू हसला नाही. रागावलाही नाही. त्याने भिंतीकडे बोट केलं. त्या खुर्चीकडे.

"तुही जागा ठेवली हाय, राजदीप. कवाची."

राजदीपचा हात उठला. बाटलीकडे गेला. तो स्वतःच्या हाताकडे पाहत होता... दुसऱ्याच्या हाताकडे पाहावं तसा.

दिव्यानीने टेबल उलटवलं. त्याचं मनगट धरलं. ओढलं. रिना आधीच गाडीत होती.

मागे कोणी धावलं नाही. कोणी ओरडलं नाही. फक्त फरशीवरून खुर्ची सरकल्याचा आवाज...

एकदाच.

पूल ओलांडून तिघं घरी आली.

सकाळी दिव्यानीने दार उघडलं. अंगणात निळी खुर्ची होती. घराकडे तोंड करून. पाय ओले, त्यांना नदीची वाळू चिकटलेली. काकूने विचारलं, ही कोणाची गं? आदल्या संध्याकाळी अंगण झाडलं तेव्हा नव्हती. जाळावी, असं दिव्यानीच्या मनात आलं. पण त्या तहानलेल्यांना आवाज देणारी तीच होती. जाळलेल्या खुर्चीच्या जागी दुसरी येणार नाही, हे कोण सांगणार?

इतक्यात राजदीप चहाचा कप घेऊन बाहेर आला. डोळे अर्धे मिटलेले. रोजची बसायची जागा असावी तसा सरळ खुर्चीकडे चालू लागला.

दिव्यानी धावत गेली आणि त्याच्याआधी बसली. गार ओल पाठीपर्यंत चढली.

"ऊठ ना, ताई. मी बसतो."

"नाई," ती म्हणाली. तिने दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. "हे आता माही हाय."