सतराव्या मजल्यावरचा दिवा

मी कडाव गावात बसून मुंबईच्या इमारती बांधतो. म्हणजे त्यांची मॉडेलं. सनबोर्ड कापायचा, अ‍ॅक्रिलिकच्या काचा बसवायच्या. गेल्या वर्षी एका पन्नास वर्षं जुन्या ऑफिस टॉवरचं काम आलं. चोवीस मजले, तळाला नुसते खांब, मधोमध लिफ्ट आणि जिना, प्रत्येक खिडकीवर सारखाच छज्जा. कमान नाही, नक्षी नाही.

"खोकी एकावर एक ठेवल्यावानी दिसतंय," हलिमा, माझी बायको, म्हणाली.

मला मात्र ती इमारत फार आवडली. जे वजन पेलतं तेच दिसतं, लपवाछपवी नाही. शिवाय आमची लेक इक्रा तिथंच, सतराव्या मजल्यावर नोकरीला.

एक छज्जा तिरका बसला म्हणून पहिलं मॉडेल घरीच राहिलं. आर्किटेक्टना मॉडेलात माणसं नको होती, पण घरच्या मॉडेलाला कोण विचारतो? सतराव्याच्या कोपऱ्यातल्या खिडकीत मी तांदळाच्या दाण्याएवढी इक्रा चिकटवली आणि दिवे लावून मॉडेल ओटीवर ठेवलं.

पोर घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला असायचा. फोन केला तर ती चिडायची. एका संध्याकाळी मॉडेलातली इक्राची तेवढी एकच खिडकी अंधारली. सगळ्या मजल्यांना बटण एकच, त्यामुळे मी टेस्टर घेऊन तासभर तपासलं. दोष सापडला नाही. खिडकी विझल्यापासून दोन तास वीस मिनिटांनी फाटकाची कडी वाजली. दोनदा, इक्रा वाजवते तशी. ऑफिसातून कधी निघालीस विचारलं, तर वेळ तंतोतंत तीच.

मग रोजचंच झालं. ती पोचली की खिडकी उजळायची, निघाली की विझायची. इक्राला आम्ही काही बोललो नाही.

"लाइट गेली. निघाली माझी बाय," म्हणत हलिमा तांदूळ काढायला उठायची. खरं सांगतो, इतका निर्धास्त मी कधीच नव्हतो.

गेल्या शनिवारी इक्राला ताप होता. ती आतल्या खोलीत झोपली होती, तरी खिडकी सकाळपासून उजळलेली. वायरीचा घोळ असेल, मी मनाशी म्हटलं. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असतं. दीड वाजता खिडकी विझली. हलिमा उठली आणि दारातच थबकली.

"अवो, पोरगी तं घरात हाय."

मी आत जाऊन इक्राच्या कपाळाला हात लावला. गरम होतं. बरं वाटलं.

परत येऊन भिंगातून खिडकीत पाहिलं. गोंदाचा वाळका ठिपका तेवढा होता.

तीन पन्नासला, भर उन्हात, फाटकाची कडी वाजली. दोनदा.

"अब्बा, कोण आलंय?" इक्रानं आतून विचारलं.

मी हलिमाकडे पाहिलं. तिच्या मांडीवर धुतलेल्या तांदळाचं पातेलं होतं. रोजच्यापेक्षा एक मूठ जास्त.