न चमकलेलं पाणी

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण यातलं एक अक्षरही पदरचं नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात, एका मंगळवारी, भर दुपारी हे घडलं.

मावशी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. तिथे झाडाच्या पानांपासून एक द्रावण बनवतात. त्याचे दोन थेंब पाण्यात टाकायचे आणि अंधारात जांभळा टॉर्च मारायचा. पाणी निळं चमकतं.

पाण्यात शिसं असलं, की चमक विझते.

मावशीच्या मुलीला, म्हणजे आमच्या ताईला, सातवा महिना लागला होता. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, "रक्तात शिसं कुठून आलं? घरचं पाणी बघा आधी."

मावशीने रजा टाकली. द्रावणाची बाटली घरी आणली. खिडक्या लावून पडदे ओढले.

नळाचं पाणी चमकलं.

फिल्टरचं चमकलं. टाकीचंही.

मग तिने ताईच्या उशाशी ठेवलेला काचेचा ग्लास घेतला. ताई गाढ झोपली होती. दोन थेंब टाकले...

काहीच नाही. काळं पाणी.

मावशीला वाटलं, ग्लासच खराब असेल. तिने तो घासला, नळाखाली भरला, स्वयंपाकघरातच तपासला. लख्ख निळा. तसाच आणून परत उशाशी ठेवला आणि टॉर्च धरून उभी राहिली.

निळ्या उजेडात चार काळ्या रेघा उमटल्या...

ग्लास कुणी मुठीत धरावा, तशा.

रेघा रुंद होत गेल्या. चमक विझली.

मावशीने टॉर्च पलंगावर फिरवला. ताईच्या पायाशी गादी दबली होती. तिथे कुणीच बसलेलं नव्हतं.

मग आला... एक कोरडा खोकला.

हा खोकला तिने बावीस वर्षं ऐकला होता. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, बॅटरीच्या कारखान्यात शिसं वितळवायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. ते असताना रोज कामावरून आले, की ती त्यांना दारातच अडवायची. शिशाची धूळ बसलेल्या अंगाने लेकीला हात लावू द्यायची नाही.

आताही तिच्या तोंडून तेच निघालं.

"आधी आंघोळ करा. मग बसा तिच्याजवळ."

मग गादी सावकाश वर आली...

आणि बाथरूमचा नळ सुरू झाला.

ताई झोपेतच पुटपुटली, "बाबा आले का गं?"

"झोप तू," मावशी म्हणाली.

पुढच्या महिन्यात ताईच्या रक्तातलं शिसं उतरलं. मुलगी झाली, ठणठणीत. डॉक्टरांना कारण सापडलं नाही. मावशीने सांगितलंही नाही.

काही महिन्यांपूर्वी मी तिच्याकडे गेलो होतो. दुपारचे दोन वाजले होते. ताई आणि बाळ आतल्या खोलीत झोपलेले, आम्ही दोघं बाहेर बोलत बसलेलो.

बाथरूममध्ये बादली भरायला लागली...

मी उठलो. मावशीने मनगट धरून मला खाली बसवलं.

"हे असतील. आवरतील आत्ता."

मी हळूच विचारलं, "मावशी, तुला भीती नाही वाटत?"

"त्यांची कसली भीती?" ती बाथरूमच्या बंद दाराकडे बघत राहिली. "एखाद्या दिवशी घाईत तसेच जाऊन बसले तर... त्याची वाटते."

नळ बंद झाला.

मी चपला घातल्या आणि निघालो. त्यानंतर दुपारचा त्या घरी गेलेलो नाही.