मोकळ्या शेडची शांतता

स्वतःच्या प्रकल्पाला स्वतःच गुण द्यायचे, ही सरांची पद्धत निशिगंधाला भलतीच आवडली. गेल्या वर्षापर्यंत वर्गात नुसतं उभं राहिलं तरी तिची बोबडी वळायची; आणि आता तिने एकटीने लिहिलेला, स्वतःच्या आवाजातला, मिरकरवाडा बंदरातल्या मासळी-लिलावावरचा दहा मिनिटांचा कार्यक्रम! आवाजाला तिने नऊ दिले. लेखनाला तर दहापैकी दहाच.

"अकरा दे गो," शेजारी बसलेली झरीन म्हणाली. रेकॉर्डिंगला तीच जोडीदार होती.

दोष शोधायला निशिगंधाने हेडफोन लावले. निवेदनातल्या फटी बुजवायला लिलावाच्या शेडची नुसती शांतता तिने वेगळी टिपली होती. त्यासाठी मुद्दाम शुक्रवार निवडला, नमाजाची वेळ. होड्या नांगरलेल्या, बर्फाची यंत्रं बंद, शेडमध्ये चिटपाखरू नाही. अर्ध्या मिनिटाचा तो एकच तुकडा तिने सात ठिकाणी चिकटवला होता.

पहिल्याच फटीत कुणीतरी पुटपुटलं.

तिने आवाज वाढवला. पुरुषाचा घोगरा, सावकाश आवाज: "इथे समुद्राआधी माणसं जागी होतात."

आणि लगेच तिचा स्वतःचा, खणखणीत: "इथे समुद्राआधी माणसं जागी होतात!"

तिने रेकॉर्डिंग पुढे सरकवलं. दुसरी फट. तुकडा तोच, वाक्य मात्र पुढचं. सातही ठिकाणी तो आधी सांगत होता, मागून ती बोलत होती. शांतता टिपली शुक्रवारी. निवेदन तिने लिहिलं रविवारी, घरी, दार लावून.

"ऐक." तिने हेडफोन झरीनच्या कानांवर चढवले.

झरीन ऐकत राहिली. "मस्करी असेल तर बस झाली हां, निशी."

"शप्पथ, मी काही नाही केलं."

तेवढ्यात सर टेबलाशी आले. "आज पाठवला तर रत्नागिरीतून तुझाच कार्यक्रम रेडिओवर जाईल. लेखन पूर्ण तुझं ना?"

निशिगंधाने गुणतक्त्यातल्या त्या दहाकडे पाहिलं. एक 'हो', की झालं. पण ती वाक्यं तिच्याआधी त्याने म्हटली होती. ठरलं, खरं सांगायचं. तिने तोंड उघडलं.

"'नाही, सर,'" झरीन पुटपुटली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तो आत्ता बोलला, निशी. 'नाही, सर.'"

निशिगंधाने ओठ गच्च मिटले.

संगणकाच्या पडद्यावर कार्यक्रम केव्हाच संपला होता. झरीनने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले.

"आता गप्प आहे," ती म्हणाली. "पण बोलायला श्वास घेतलान."